कृपया हात द्या

काकूंना त्या कलादालनात अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य एकच होतं: "हात लावू नका."

दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या. दारापाशी खुर्ची, खुर्चीखाली पाण्याची बाटली, भिंतीवर हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र. त्याचा आकडा दर दोन तासांनी वहीत लिहायचा. चित्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं काकू स्वतःच सांगत. पण माणसं कळत. समोरचा नुसता बघणार की बोट लावणार, हे त्यांना त्याच्या खांद्यांवरून ओळखता येई.

म्हणून तिसऱ्या खोलीत ती भिंत उभी राहिली, तेव्हा त्यांना सगळं उलटंच वाटलं. पांढऱ्या रंगाची, पुरुषभर उंचीची लाकडी भिंत. पोटाच्या उंचीवर एक गोल भोक आणि भोकाला आतून काळ्या कापडाची बाही. शेजारी पाटी: 'कृपया हात द्या.' येणाऱ्यानं कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि आत असलेला प्लास्टरचा हात धरायचा. बस, एवढंच. तुम्ही हात दिल्याशिवाय ही कलाकृती पुरी होत नाही, असं पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," काकू सुताराला म्हणाल्या.

सुतार हसला. दालनातली सगळी उभारणी तोच करायचा. "आत मोटर नाही, वायर नाही. मीच फळीवर स्क्रू मारून बसवलाय."

तो हात काकूंनीही पाहिला होता. सोमवारी दालन बंद असे, तेव्हा मागची फळी काढून तो फडक्यानं पुसायचं काम त्यांच्याकडेच होतं. उजवा हात, पंजा किंचित उघडा. तळव्यावर रेषा नाहीत, बोटांवर पेरं नाहीत, नखांच्या जागी नुसते उंचवटे. पहिल्या दिवशी ही भिंत घडवणारी शिल्पकार बाई आली होती. बारीक चणीची, कमी बोलणारी. काकूंनी तिला विचारलं, "हा साचा कुणाच्या हाताचा घेतला हो?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली. मग पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "अजून."

पहिला आठवडा लोक खिदळत हात घालत, एकमेकांना ढकलत. दुसऱ्या आठवड्यात खिदळणं कमी झालं. एक जण म्हणाला, हात कोमट आहे. काकूंनी मनाशी हिशोब मांडला: दिवसभर शंभर माणसं धरतात, प्लास्टर तापणारच. मग एक उंच बाई आली. हात घालून अर्धा तास भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली आणि जाताना तिनं दबक्या आवाजात विचारलं, "उद्या हाच असेल ना?"

"दुसरा कुठून येणार?" काकू म्हणाल्या.

त्या सोमवारी फडकं फिरवताना काकूंनी मुद्दाम तळहात टेकवून पाहिला. गार होता.

काका बुधवारी दुपारी आले. काकू चष्मा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला. काका घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. खांद्यापासून नुसता लोंबायचा. दुकान बंद झालं. घरातल्या घड्याळांना चावी द्यायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

"हीच का ती तुझी भिंत?"

"हो. पण तुम्ही नका भानगडीत पडू."

"अगं, द्या म्हणतायत, देऊन बघू. माझा काय उपयोगाचा आहे?"

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात सामानाची पिशवी उचलावी तसा उचलला आणि भोकात सरकवला. आधी हसत होते. मग हसू थांबलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. काकूंना त्यांचे खांदे दिसत होते, आणि त्या खांद्यांवरून अठरा वर्षांत पहिल्यांदाच काही कळेना.

मग हात आपोआप बाहेर आला. डाव्या हातानं न ओढता.

"हलतोय," काका म्हणाले.

दोन दिवसांत काका उजव्या हातानं चहा प्यायला लागले. डॉक्टरांनी तीनतीनदा तपासून पाहिलं. असं कधी कधी होतं, असं म्हणाले. काकूंनी सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटले आणि कारण विचारलं की नुसतं हसून वेळ मारून नेली.

काकांनी भिंग काढलं, चिमटा काढला, एक जुनं मनगटी घड्याळ उघडलं. पहिलाच स्क्रू हातातून निसटला. दुसराही. हात थरथरत नव्हता, चांगला चपळ होता. पण त्याला चिमटा कसा धरायचा तेच ठाऊक नव्हतं.

"सवय गेली असेल," काकू म्हणाल्या.

"सवय डोक्यात असते," काका म्हणाले. "डोक्यात आहे सगळी. याच्यात नाही."

याच्यात दुसरंच काही होतं. संत्र्याचं साल तो एका अखंड पट्टीत सोलायचा. रिकामा असला की अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून एकेक करत फिरायचा, जणू काही मोजतोय. एकदा सकाळी काकू केस पुसत बसल्या होत्या. काका मागून आले आणि त्यांनी केसांची वेणी घातली. घट्ट, चारपदरी, शेवटापर्यंत. घरात ना मुलगी, ना बहीण. या माणसाला आयुष्यात बुटाची नाडीही धड बांधता आली नव्हती.

"हे कुठं शिकलात?"

"मी नाही घातली," काका हळूच म्हणाले. "मी फक्त उभा होतो."

पुढच्या सोमवारी काकूंनी मागची फळी काढली आणि फडकं हातातच राहिलं.

आतला हात गुळगुळीत राहिला नव्हता. बोटं आत वळलेली होती, झटक्यानंतर काकांची वळली होती तशी. तळव्यावर रेषा होत्या. तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं. अंगठ्याच्या मुळाशी एक वाकडी खूण होती. भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाची स्प्रिंग सुटून काकांना लागली होती, तिथंच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. टाके काकूंनी समोर उभं राहून पाहिले होते.

काकू घरी आल्या तेव्हा काका झोपले होते. काकूंनी त्यांचा उजवा अंगठा उजेडात धरला.

खूण नव्हती.

तर्जनीचं नख अखंड होतं.

काका उठल्यावर काकूंनी सगळं सांगितलं. काका बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. भाड्यानं खोली घेणाऱ्या अनोळखी माणसाकडे घरमालकानं बघावं, तसे.

"परत देऊन टाकू," शेवटी ते म्हणाले. "लुळा तर लुळा. माझा तर होता."

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. दुपारी खोली रिकामी झाल्यावर काकांनी हात आत घातला. वाट पाहिली. पुन्हा घातला.

"गार आहे. नुसता दगड."

"अहो, नीट धरा."

"मी धरतोय गं. हा धरत नाही."

मग काकूंनी हात घातला. इतक्या दिवसांत त्यांनी पुढच्या बाजूनं एकदाही घातला नव्हता. काळी बाही कोपरापर्यंत चढली. अंधारात बोटांना बोटं लागली. कोमट. चिरलेलं नख त्यांच्या तळव्याला टोचलं.

मग ती बोटं मिटली. दोनदा भरभर दाबलं आणि तिसऱ्यांदा धरून ठेवलं.

लग्न झालं त्या वर्षी, भरल्या पंगतीत, सासू-सासऱ्यांसमोर बोलायची सोय नसे तेव्हा काका पदराआड असाच हात दाबायचे. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

काकूंनी शेजारी पाहिलं. काका दोन हात अंतरावर उभे होते. त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरत होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी आतला हात अजून धरूनच ठेवला होता.

पाच वाजता सुतार खोकं घेऊन आला. काकू त्याच्या आडव्या आल्या. एक दिवस थांब म्हणाल्या, साहेबांशी बोलते म्हणाल्या. "काकू, जहाज उद्या सकाळचं आहे," तो अजिजीनं म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?" काकूंनी शिल्पकार बाईला फोन लावला. ती ऐकून घेत राहिली.

"तो कुठं जातोय?" काकूंनी शेवटी एवढंच विचारलं.

तिनं एका लांबच्या देशाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "काळजी करू नका. तिथं येणारी माणसं चांगली आहेत."

दालन डागडुजीसाठी बंद झालं, काकू घरीच असायच्या. तीन आठवडे काही झालं नाही. काकूंनी दुसरी काही वाट नव्हती म्हणून हळूहळू ते स्वीकारलं. हात कामसू होता, निवडणं-टिपणं करायचा, कुणाला त्रास देत नव्हता. रोज वेणी घालायचा, आणि काकू डोळे मिटून घालून घ्यायच्या.

मग एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता काका जेवता जेवता दचकले.

"कुणीतरी हात धरला."

काकूंनी पाहिलं. दोन्ही हात ताटाजवळच होते.

तेव्हापासून रोज अडीचला, तिकडचं दालन उघडत असावं तेव्हा, सुरू व्हायचं आणि काकूंची निजायची वेळ होईपर्यंत चालायचं. सोमवारी नाही. काका सांगायचे, आता ओला हात आहे, आता कुणीतरी म्हातारं, आता अंगठी बोचतेय. रविवारी ते थकून जायचे. काकू त्यांच्या शेजारी बसून राहायच्या. धरायचा तर कुठला हात धरायचा, ते त्यांना ठरवता यायचं नाही.

काल ते दोघं मटार सोलत बसले होते. उजवा हात शेंगा फोडत होता, भराभर, एकही दाणा खाली न पाडता. काका थांबले. मान एका बाजूला कलली. हात शेंगा फोडतच राहिला.

"लहान आहे कुणीतरी," ते म्हणाले. "अगदी लहान. सोडतच नाहीये."

"मग?"

"मी जरासा दाबला." काका ओशाळं हसले. "घाबरलं बिचारं. आता मला सोडवत नाहीये."