सव्वीस रद्द

मुलांनो, एक खुर्ची ओढा आणि तिच्यात ताठ बसा. हातात गोल स्टिअरिंग आहे असं समजा. उजव्या पायाजवळ ब्रेक आहे. समोरच्या काचेतून रस्ता दिसतो आहे, गाडी बऱ्यापैकी वेगात आहे, आणि अचानक एक चेंडू टप्पे खात रस्त्यात येतो. काय कराल? ब्रेक दाबाल. कधी? तुम्ही म्हणाल, लगेच. पण लगेच म्हणजे नेमकं किती वेळानं? चेंडूवरचा उजेड डोळ्यांत शिरायला हवा, डोळ्यांनी तो निरोप मेंदूकडे धाडायला हवा, मेंदूनं पायाला सांगायला हवं, आणि पायानं ऐकायला हवं. या सगळ्या धावपळीला जो वेळ लागतो, त्याला प्रतिसादकाल म्हणायचं. तुमच्या आईचा तो साधारण पाऊण सेकंद असेल. आजोबांचा त्याहून जास्त.

ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक चालकाचा प्रतिसादकाल दरवर्षी मोजत. तो एका सेकंदाच्या वर गेला की परवाना रद्द. म्हणूनच कोल्हापूरच्या एका परीक्षण प्रयोगशाळेत, काचेच्या भिंतीला नाक लावून, अकरा वर्षांची त्रिशला उभी होती. भिंतीपलीकडच्या आभासी मार्गकक्षात तिचे आज्जा, भूपाल चौगुले, वय वर्षं शहात्तर, पांढरी टोपी मांडीवर ठेवून स्टिअरिंगसमोर बसले होते.

त्रिशलाचे आईबाबा खोल समुद्रातल्या एका संशोधन-स्थानकावर कामाला होते, वर्षातून दोनदा घरी यायचे. ती राहायची घाटमाथ्यावरच्या कासारशेतात, आज्जा आणि आज्जीजवळ. शाळा घाटाखाली. शहरात सगळीकडे विनाचालक स्वयंवाहनं फिरत, पण घाटातल्या धुक्यात त्यांचे प्रकाशडोळे आंधळे होत, म्हणून ती पायथ्यालाच थांबत. मग कासारशेतातल्या पाच मुलांना रोज आज्जाच जीपमधून खाली न्यायचे आणि संध्याकाळी वर आणायचे. परवाना गेला, तर जीप गोठ्यात उभी राहणार आणि त्रिशलाची रवानगी शहरातल्या वसतिगृहात होणार. आईनं तिथं नावही घालून ठेवलं होतं.

चाचणी सुरू झाली. आज्जांच्या समोरच्या पडद्यावर खऱ्या रस्त्यांवर टिपलेली दृश्यं एकामागून एक येत होती. बाहेरच्या फळ्यावर प्रत्येक दृश्यानंतर एक आकडा उमटत होता. १.१. मग रद्द. मग रद्द. १.२. रद्द.

"रद्द म्हणजे काय हो?" त्रिशलानं विचारलं.

फळ्यापाशी बसलेल्या डॉ. रेहाना मुजावर तिच्याकडे वळल्या. तिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून ठेवायची सवय असलेल्या. "शाळेत पळायची शर्यत असते ना? शिट्टी वाजायच्या आधीच कुणी पळालं तर?"

"बाद."

"तसंच. संकट दिसल्यावर निदान पंधरा शतांश सेकंद तरी लागतातच. त्याच्या आत ब्रेक दाबला गेला, तर तो संकट बघून दाबलेला नाही. यंत्र तो मोजत नाही."

"वय झालं की पाय थरथरतो," पलीकडून प्रा. वसगडेकर म्हणाले. ही चाचणी त्यांनीच बसवलेली होती. "उगीचच ब्रेकवर पडतो. म्हणून ही चाळणी."

चाळीस दृश्यं संपली. सव्वीस रद्द. उरलेल्या चौदांची सरासरी एक पूर्णांक तीन दशांश सेकंद. फळा लाल झाला.

आज्जा टोपी घालत बाहेर आले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं नाही, आधी नातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

"चल गं पोरी. आज्जीनं धपाटे दिलेत, ते तरी खाऊया."

त्रिशला हलली नाही. "आज्जाचा पाय थरथरत नाही," ती प्राध्यापकांना म्हणाली. तिचा आवाजच जरा थरथरत होता. "जेवताना मांडी घालून बसला की पाय दगडासारखा असतो. मी डोकं ठेवते ना त्याच्यावर!"

"बाळ, यंत्र खोटं बोलत नाही."

"पण तो बकरीच्या आधी थांबला. मी बघितलं. पडद्यावर बकरी आली आणि गाडी आधीच हळू झालेली होती. त्याला बक्षीस द्यायचं सोडून तुम्ही बाद करता!"

"त्रिशला! मोठ्यांशी असं बोलतात?" आज्जा दटावून म्हणाले, पण त्यांची मिशी हलली.

रेहाना मात्र फळ्याकडे बघत राहिल्या होत्या. "सर, या चाळिसांशिवाय मधे वीस रिकामी दृश्यंही होती. त्यांत काहीच आडवं येत नाही. पाय उगीच थरथरत असेल, तर तिथंही ब्रेक दाबला जायला हवा. हो ना?"

"हो, अर्थातच. किती वेळा दाबलाय?"

रेहानांनी बटणं दाबली. "एकदा."

"वीसमध्ये एकदा?"

"एकदाच. म्हणजे काही नाही तिथं पाय गप्प बसतो, आणि संकट यायचं असेल तिथं ते येण्याआधी उठतो. हा थरथराट फारच हुशार म्हणायचा."

प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. ते हट्टी होते, पण प्रामाणिक होते. असे लोक विज्ञानात फार उपयोगी पडतात. "चौगुले, बसा जरा. बकरी येणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"कुठं काय कळलं?" आज्जा ओशाळले. "पाय गेला."

"असं कसं? आठवून सांगा."

आज्जांनी डोळे मिटले. "एक बकरी आधीच पल्याड गेलेली होती की हो. बांधावर उभी राहून मागं बघत होती. बकरी मागं बघती म्हणजे तिचं कुणीतरी अल्याड राहिलंय. ते येणारच."

"आणि तो उभा टेम्पो?"

"चालक आरशात बघत होता. बसून राहायचं असेल तर माणूस आरशात बघत नाही. दार उघडणार, नाहीतर गाडी काढणार."

"आंधळ्या वळणावरचा ट्रक?"

"करवंदीचा पाला हलत होता तिकडच्या अंगाचा. इकडचा गप्प. वारा असता तर दोन्हीकडचा हलला असता." आज्जांनी डोळे उघडले. "सत्तावीस वर्षं उसाचा ट्रक चालवला, साहेब. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नसतो. त्याला लई आधी सांगावं लागतं, बाबा रे, थांबायचंय आपल्याला."

मग रेहाना त्रिशलाला म्हणाल्या, "तू बरोबर होतीस गं. आम्ही पाय किती भराभर हलतो ते मोजत होतो. डोळा किती आधी बघतो, ते कुणी मोजलंच नव्हतं. याला काय म्हणायचं? आपण चाहूलकाल म्हणूया."

त्या दुपारी त्यांनी सव्वीस रद्द ब्रेक पुन्हा मोजायला घेतले. आज्जांचा पाय संकटाच्या सरासरी आठ दशांश सेकंद आधी ब्रेकवर पोचत होता. ताशी चाळीस किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर पळते. म्हणजे आज्जांची गाडी संकटाच्या जवळजवळ नऊ मीटर आधीच सावध होत होती. चाळीसही दृश्यं धरली, तर त्यांची सरासरी शून्याच्याही किंचित खाली येत होती.

मग रेहाना स्वतः आत जाऊन बसल्या. त्यांचा प्रतिसादकाल सहा दशांश सेकंद आला, अगदी तरुण आणि चपळ. पण चाळीसपैकी एकदाही त्यांचा पाय आधी उठला नाही. प्रत्येक वेळी संकट समोर उभं राहिल्यावरच.

"तुमचा एकपण रद्द नाही," त्रिशला म्हणाली.

"हो ना. नापासच झाले म्हण की," रेहाना हसल्या.

प्रा. वसगडेकरांनी फळा पुसून हिरवा केला आणि परवान्याचा कागद पुढे घेतला. "चौगुले, चूक माझी होती. आणखी एक वर्ष गाडी चालवा. त्रिशलाबाई, शाळेला वेळेवर जा."

त्रिशलानं आज्जांचा हात घट्ट धरला. वसतिगृह, तिथली लोखंडी कॉट, घंटेवर जेवण, सगळं एका क्षणात लांब गेलं.

आज्जांनी मात्र कागद घेतला नाही. ते फळ्याकडे बघत होते. "सव्वीस झाले. राहिलेले चौदा कसले?"

"अकरांत तुम्ही ठीक आहात. थोडा उशीर, पण चालण्यासारखा," रेहाना म्हणाल्या.

"आणि तीन?"

रेहाना घुटमळल्या. पण विचारलेल्या आकड्याबद्दल त्या खोटं बोलू शकत नव्हत्या. "एक पूर्णांक नऊ. दोन. दोन पूर्णांक दोन."

"काय होतं त्यात?"

"दोनांत वरून दगड आला. एकात स्वयंवाहन वळलं."

आज्जांनी मान हलवली. "बरोबर. दगड आधी सांगत नाही. आणि त्या गाडीत माणूसच नाही. मान नाही, आरसा नाही, बघायचं कुणाकडं? तिथं फक्त पाय कामाला येतो." मग हळूच विचारलं, "गेल्या साली असल्या जागी किती होता?"

रेहानांनी जुनी नोंद काढली. "दीड."

"म्हणजे पुढल्या साली अडीच. अडीच सेकंदांत किती मीटर झाले गं, त्रिशला?"

त्रिशलाला ते गणित लगेच आलं. पण ती बोलली नाही.

"सत्तावीस मीटर," शेवटी प्राध्यापकच म्हणाले. "पण चौगुले, असे प्रसंग फार थोडे. तुम्ही आज पास आहात. अजून वर्षभर तरी..."

"माझ्या गाडीत पाच पोरं असतात, साहेब." आज्जांनी कागद हलकेच त्यांच्याकडे सरकवला. "ठेवा तुमच्यापाशी. मी थांबतो."

"आज्जा!" त्रिशलानं हात सोडवून घेतला. "पास झालास ना तू? मी भांडले ना तुझ्यासाठी? मग कशाला? काही झालंय का आजपर्यंत? एकदा तरी झालंय?"

"नाही झालं."

"मग?"

आज्जा तिच्यासमोर कष्टानं उकिडवे बसले. गुडघा वाजला. "काही झाल्यावर थांबलो, पोरी, तर तो उशीर झाला. झालं नाही, तोवरच थांबायचं असतं. मला दुसरं काय येतंय सांग?"

त्रिशलाला रडू आलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

प्राध्यापकांनी कागद उचलला. "हासुद्धा ब्रेक आधीच दाबलात, चौगुले," ते म्हणाले. "माझ्या यंत्रानं हाही रद्दच केला असता."

रेहाना चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेत उठल्या. "थांबा. यांना चाहूल आहे, पाय नाही. मला पाय आहे, चाहूल नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात असायला हव्यात असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

"नियमात चालक एकच लिहिलाय," प्राध्यापक म्हणाले.

"तो चाहूलकाल माहीत व्हायच्या आधी लिहिलाय. आता मोजायचा तर सगळ्यांचाच मोजावा लागेल, सर. फक्त म्हाताऱ्यांचा नाही. आणि मग विशी-तिशीतले आम्ही सगळे नापास. आम्हाला शेजारी कुणीतरी लागेलच."

तर्कात खोट नव्हती. आज सकाळपर्यंत ज्यांना रस्त्यावरून उठवायचं होतं, त्यांनाच आता प्रत्येक नव्या चालकाशेजारी बसवावं लागणार होतं.

"गावात घाटातून रोज खाली जाणारं तरुण कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की, कस्तुरी. दवाखान्यात परिचारिका आहे," आज्जा म्हणाले. "नवा परवाना काढलाय. पण तिला घाटात गाडी द्यायला घरचे घाबरतात."

"मग महिनाभर प्रयोग करू. जोडपरवाना. ती चालवील, तुम्ही सांगाल. रोजची नोंद मला हवी. जमलं नाही तर मात्र..." त्यांनी त्रिशलाकडे पाहिलं आणि पुढचं बोलले नाहीत. पुढचं तिला माहीत होतं.

"पहिली फेरी आज मीच करते," रेहाना म्हणाल्या. "जीपची किल्ली द्या. मला घाटाची भीती वाटते, म्हणजे प्रयोग चांगला होईल."

चौघं बाहेर अंगणात आली. उन्हात जीप उभी होती. रेहाना स्टिअरिंगमागे बसल्या आणि क्लच शोधू लागल्या. आज्जा सवयीनं उजव्या बाजूला गेले, तिथं रेहानांना बसलेलं पाहून थबकले, आणि कुठं जावं न कळून टोपी काढून पुन्हा घातली.

त्रिशला डाव्या दाराशी पोचली होती. पहिलीपासून ती पुढची जागा तिची होती. तिथं बसून तिनं पाढे पाठ केले होते, पेंगली होती, आज्जांशी भांडलीही होती. अजून तिचे डोळे लाल होते, आणि आज्जांवरचा रागही पुरता गेला नव्हता. दारावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग तिनं ते दार उघडलं, आज्जांसाठी धरून ठेवलं, ते चढून बसल्यावर नीट लावलं. स्वतः मागून आत चढली, दोन्ही सीटांच्या मधून डोकं पुढे घातलं आणि म्हणाली,

"आज्जा, काय काय दिसतंय ते मोठ्यानं सांगायचं. मागं मला पण ऐकू आलं पाहिजे."