रेडिओतली खरखर

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, तरी आमचा रेडिओ खरखरत होता.

"राही, बघ गो काय झालं मेल्याला!" आप्पा वैतागले. बोटीवरची नोकरी संपवून येताना त्यांनी मुंबईहून आणलेला तो रेडिओ म्हणजे आमच्या मांडवी गावातलं नवल. संध्याकाळी शेजारपाजार आमच्या अंगणात गाणं ऐकायला जमायचा. आणि आठवडाभर ऐन गाण्यात खरखर!

मी मुंबईत मावशीकडे राहून इंटर सायन्सपर्यंत शिकले होते. जवळच कुठेतरी विजेची ठिणगी पडते आहे, एवढं मला कळलं. दुसऱ्या दिवशी शोधत निघाले, तर रावजीशेटच्या लाकडाच्या वखारीतून कडकड ऐकू आली. फटीतून निळसर उजेड लपलपत होता. मी दार ढकललं.

शेटचा मुलगा रघू एका यंत्रावर ओणवा झाला होता.

"आमचं गाणं बिघडवणारे तुम्हीच का?"

तो दचकला. "गाणं?... मी तर टेस्ला कॉइल करतोय, हवेतून वीज उडवणारं यंत्र."

"ते दिसतंय. पण तार एकीवर एक चढली आहे. ठिणगी आतल्या आतच मरणार."

तो बघतच राहिला. मग हसला. "रागावून आलातच, तर तार गुंडाळूनच जा."

मी गेले नाही. रोज दुपारी तो पुठ्ठ्याची नळी फिरवायचा आणि मी केसासारखी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बसवायची. वरून लाखेचा हात. सोड्याच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरून, बाहेरून पत्रा लावून त्याने वीज साठवायची सोय केली होती. बॅटरी वखारीच्या लॉरीची.

"बोलत का नाही?" तो विचारायचा.

"वेढे चुकतील."

"चुकले तर?"

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"म्हणूनच तर बोला म्हणतोय!"

कॉइल पुरी झाली त्या दिवशी त्याने माझ्या हातावर लॉरीचा एक दिवा ठेवला.

"हा तर गेलेला आहे," मी म्हटलं.

"धरा तर..."

त्याने कळ दाबली. कुठलीही तार नसताना तो दिवा माझ्या मुठीत जांभळा उजळला. बोटांच्या कडा दिसू लागल्या. मी वर पाहिलं, तर रघू दिव्याकडे पाहत नव्हता.

"राही... तू या घरात आलीस तर?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मला दिवा खाली ठेवता येईना.

"खलाशाची मुलगी? शेट करून घेतील सून?"

"ते काहीही म्हणू देत. रविवारी त्यांच्याशी बोलतो. बोललो की संध्याकाळी, गाण्याच्या वेळी, तीनदा कळ दाबीन. खरखर ऐकलीस की समज— रघू बोलला."

रविवारी मी रेडिओशेजारी बसले. गाणं सुरू झालं. शब्द न् शब्द स्वच्छ आला.

"आज कसा लागलाय!" आप्पा खूश.

"बाई समोर बसून गातेय जशी," शेजारची मैनाकाकू म्हणाली.

बॅटरी उतरली असेल. बाटली फुटली असेल. ज्यांच्यामधून ठिणगी उडते ते पितळी गोळे काळे पडले असतील... रेडिओ बंद होईपर्यंत मी कारणं शोधत होते.

सोमवारी वखारीत गेले. रघू कॉइलवर गोणपाट टाकत होता.

"धीरच झाला नाही, राही. मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, सावर्ड्याची मुलगी पाहिली आहे. पण मी हो म्हटलं नाही हां!"

"नाही म्हटलंत?"

तो गोणपाटाची टोकं ओढून सारखी करू लागला.

"काल बॅटरी भरलेली होती?" मी विचारलं.

"होती."

मी गोणपाट काढलं. कळ दाबली. ठिणगी वीतभर उडाली. पुन्हा दाबली. पुन्हा. वेढे नीट होते, गोळे लखलखीत होते, बाटल्या शाबूत. यंत्रात काहीच दोष नव्हता. शेजारी पडलेला तो गेलेला दिवा तिन्ही वेळा उजळला आणि विझला.

"राही..." तो म्हणाला. पुढे काहीतरी येईल म्हणून मी जराशी थांबले. आलं नाही.

घरी आले तर आप्पा रेडिओवर हात ठेवून उभे.

"काल कसा गोड लागला होता! आज परत तीनदा खरखरला मेला."

"आता नाही खरखरणार, आप्पा," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी आवाज थोडा वाढवला.