सीलबंद पेटीतलं झिजलेलं बेअरिंग

"बाबांनी चोरी केलेली नाही," एवढं बोलून ती मुलगी रडायला लागली आणि भाऊजींची पंचाईत झाली. साठी उलटली, पण रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते त्यांना अजून उमगलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला, तो कलंडला आणि पाणी तिच्या पदरावर सांडलं.

"आधी पोटभर रडून घे, मग सांग," वहिनी टेबल पुसत म्हणाल्या. "दोन्ही एकदम जमत नाही कुणालाच."

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. ते वहिनींची पिशवी सांभाळत आणि जगाला सांगत की आपण सहायक आहोत. वहिनींनी त्याला कधी हरकत घेतली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मुलीने डोळे पुसले. तिचे वडील वीजकेंद्रात स्टोअरकीपर होते. केंद्रात दोन मोठी जनरेटर मशीन. एक नंबर दुरुस्तीसाठी पूर्ण उघडलं होतं, शहराचा सगळा भार दोन नंबरवर. एक नंबरसाठी परदेशातून बेअरिंगची जोडी मागवली होती. मशीनचा जाडजूड दांडा ज्या कड्यांमध्ये तेलावर फिरतो, ती कडी. सरकारने त्यावरचा आयात कर माफ केला होता, पण एका अटीवर: माल त्याच मशीनला बसवायचा. विकायचा नाही, दुसरीकडे वापरायचा नाही.

"पेटीच्या झाकणाला कस्टमचं शिशाचं सील होतं," ती म्हणाली. "कस्टमचे साहेब अचानक तपासणीला आले. सील शाबूत, आणि आत जुनी, झिजलेली जोडी! स्टोअरची किल्ली एकट्या बाबांकडे. त्यांना घरी बसवलंय, सोमवारी पोलिसात तक्रार देणार आहेत. बाबा दारसुद्धा उघडत नाहीत हो. कोपऱ्यावरचा दुकानदार मला हसून विचारतो, मग, नवीन घर कधी घेताय?"

"तुला माझ्याकडे कुणी पाठवलं?"

"मामंजींनी. माझे सासरे. तेही तिथेच फोरमन आहेत, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. बाबा आणि ते आधी दोस्त, मग व्याही. तेच म्हणाले, चांगलं माणूस गाठ, बापाचं नाव धुऊन काढ."

वहिनींनी कलंडलेला पेला सरळ केला. "एकदा खणायला लागले की मी मधे थांबत नाही. जे निघेल ते निघेल. चालेल?"

"चालेल," मुलगी म्हणाली.

स्टोअरकीपर पडदे ओढून बसले होते. दाढी वाढलेली, पण शर्टाच्या खिशाला तीन पेनं शिस्तीत लावलेली.

"आयुष्यात एक वॉशर घरी आणला नाही मी," ते म्हणाले. "बायको म्हणायची, गळक्या नळाला तरी आणा. नाही आणला. शेवटपर्यंत नळ गळत राहिला."

"पेटी स्टोअरच्या बाहेर कधी गेली होती?"

"एकदाच. स्टोअरची फरशी उखडून नवी घातली, तेव्हा सगळं जड सामान मशीन हॉलमध्ये ताडपत्रीखाली होतं. आठवडाभर. पण रोज सकाळ-संध्याकाळ मी स्वतः जाऊन सील बघत होतो."

"सीलच बघत होतात?"

"मग आणखी काय बघायचं?"

"तेही खरंच. बरं, ही झिजलेली जोडी भंगारातून उचलली असेल का?"

"आमचे मॅनेजर, मोठे साहेब, तसंच म्हणतात. पण भंगाराचा लिलाव पेटी येण्याच्या आधीच झाला. अंगण झाडून दिलं होतं मी, खिळा उरला नव्हता." ते ओढलेल्या पडद्याकडे वळले. "बाई, मला नोकरीचं काही नाही. पण ज्या रस्त्याने मान वर करून आलो-गेलो, त्या रस्त्याने आता कसा जाऊ?"

भाऊजींनी मनातल्या मनात केंद्रातल्या सगळ्यांना चोर ठरवून टाकलं.

मशीन हॉल म्हणजे आगगाडीच्या स्टेशनाएवढा. एका बाजूला एक नंबर, पोट फाडून ठेवलेलं. दुसऱ्या बाजूला दोन नंबर एका लयीत घुमत होतं. मधे, तपासणीसाठी स्टोअरमधून पुन्हा आणून ठोकळ्यांवर ठेवलेली पेटी. वहिनींनी आतली जोडी पाहिली. कड्यांच्या आतलं पांढऱ्या धातूचं अस्तर एका अंगाने काळवंडून खरवडलं होतं. पण दोन्ही कड्यांना तेल चोपडून ती कागदात नीट गुंडाळली होती.

"चोर मोठा टापटिपीचा दिसतो," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमचा हात लांब आहे. पेटीखाली घाला आणि खिळे चाचपा."

भाऊजी कुरकुरत ओणवे झाले. झाकणाचे खिळे गंजून तांबूस झाले होते. तळाचे मात्र गुळगुळीत लागले. टॉर्च मारला तर चकाकले.

"तळ उघडला होता, वहिनी!" ते आनंदाने ओरडले आणि उठताना डोकं आपटून घेतलं.

मोठे साहेब हे ऐकून आणखी भडकले. "किल्लीवाल्यालाच तेवढी फुरसत!"

"स्टोअरमध्ये क्रेन आहे?"

"नाही. तिथे ढकलगाड्या आहेत."

"मग एवढी पेटी एकटा किल्लीवाला उचलून तळ कसा उघडेल? असो. दोन नंबरची तब्येत कशी आहे?"

"आता उत्तम. मधे त्याचं बेअरिंग फार तापत होतं. वस्ताद माझ्यामागे लागला होता, एक नंबरची नवी जोडी याला बसवू द्या म्हणून. मी म्हटलं, वेडा आहेस का? करमाफीचा माल तो! परवानगी मागितली तर महिने जातील, न मागता बसवला तर गुन्हा. दोन नंबरची जोडी जहाजावर आहे, तोवर ओढ. मग त्याने तेल थंड करणारा कूलर का काय धुतला म्हणे. परत तक्रार नाही."

इतक्यात क्रेन चालवणारी बाई शिडीवरून खाली उतरली. उंचावर बसून सगळीकडे नजर, म्हणून तिला सगळे घार म्हणत.

"पेटी तूच उचललीस?" वहिनींनी विचारलं.

"हॉलमध्ये आणली मीच, परत नेली मीच. वजन दोन्ही वेळा सारखं. ते मला काट्यावर दिसतं."

"मधल्या आठवड्यात रोज कामावर होतीस?"

"एक दिवस नव्हते. दोन नंबर आतले ब्रश साफ करायला बंद ठेवलं, शहराला आधी कळवून, त्या दिवशी वस्तादांनी सुटी दिली. मी मागितली नव्हती हो. म्हणाले, पोरीच्या शाळेत धावण्याची शर्यत आहे ना, जा. देवमाणूस! पोरगी शेवटून पहिली आली, पण मी बघायला होते."

भाऊजींना मघापासून चहाची तल्लफ आली होती. दोन नंबरच्या ऑपरेटरने बेअरिंगच्या लोखंडी टोपावरची किटली उचलून कप भरून दिला. भाऊजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कोमट आहे हो!"

"काय करणार," ऑपरेटर हसला. "पूर्वी इथे ठेवलेला चहा जीभ भाजायचा. गेल्या महिन्यापासून निवतो. सवय जात नाही म्हणून ठेवतो."

वहिनींनी भाऊजींच्या हातून कप घेतला, चव घेतली आणि परत दिला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. भाऊजींना तो अन्यायच वाटला.

वस्ताद एक नंबरपाशी होते. बुटके, खांदे रुंद, डोळे जागरणाने लाल.

"एक नंबरची जुनी जोडी कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"ही काय, समोर. नवी गेली म्हटल्यावर हीच परत बसवतोय. काही महिने निघतील. शनिवारी मशीन सुरू होईल."

"आणि मग?"

वस्तादांनी चिंधीला हात पुसले. "मग व्याह्याला तोंड दाखवीन."

परतताना भाऊजी म्हणाले, "केवढी माया आहे बघा व्याह्यांवर! मला तर मोठे साहेबच चोर वाटतात. फार ओरडतात."

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं. एका बापाला सोडवायचं म्हणजे त्या पोरीच्या दुसऱ्या बापाला अडकवायचं."

भाऊजींना काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सगळे जमले. कस्टमचे साहेब, मोठे साहेब, वस्ताद, घार, मुलगी आणि मुलीने जवळजवळ ओढत आणलेले स्टोअरकीपर.

"चोर कोण?" कस्टमच्या साहेबांनी विचारलं.

"आधी माल दाखवते," वहिनी म्हणाल्या. "तो इथेच फिरतोय. दोन नंबरच्या पोटात."

मोठ्या साहेबांचा जबडा खाली आला. मुलीने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं.

"पैशासाठी चोरी करणारा पेटीत दगड भरतो," वहिनी म्हणाल्या. "इथे नेमक्या त्याच मापाची झिजलेली जोडी होती. ती आली कुठून? भंगार तर आधीच विकलं गेलं होतं. एक नंबरची जुनी जोडी समोर पडली आहे. या मापाची मशीन दोनच. म्हणजे पेटीतली जोडी दोन नंबरची. आणि दोन नंबर तर फिरतंय. बेअरिंगशिवाय ते फिरेल का?"

"अगंबाई!" घार म्हणाली.

"स्टोअरमध्ये क्रेन नाही, तेव्हा तळ उघडला तो हॉलमध्ये, फरशीच्या आठवड्यात. त्यात दोन नंबर एकच दिवस बंद होतं, आणि त्याच दिवशी घारीला न मागता सुटी मिळाली. कूलर धुतल्याने ते निवळलं म्हणे. पण कूलर धुऊन झिजलेलं अस्तर भरून येत नाही. आमच्या भाऊजींचा चहा कोमट झाला तो नव्या बेअरिंगमुळे."

भाऊजींनी मान डोलावली, जणू चहा त्यांनी मुद्दामच प्यायला होता.

"शेवटचं. टाकाऊ कड्यांनाही तेल चोपडून कागदात गुंडाळणारा माणूस चोर नसतो. त्याला उघडं लोखंड बघवत नाही."

वस्तादांनी मान वर केली. "मीच केलं. सोबत दोन फिटर होते, त्यांची नावं मरेन पण सांगणार नाही. ते बेअरिंग कुठल्याही दिवशी जळालं असतं, साहेब. मग पाण्याचे पंप बंद, इस्पितळ अंधारात. एक नंबर सुरू झालं की जोडी काढून पेटीत परत ठेवणार होतो. तुम्ही आधीच आलात."

"आणि तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दोन नंबरला पुरावा म्हणून सील ठोकलं असतं. तेच एक मशीन चालू आहे. शनिवार उजाडण्याची वाट बघत होतो."

"मामंजी, मग मला बाईंकडे का पाठवलंत?" मुलीने विचारलं.

"माझी जीभ उचलत नव्हती, पोरी. आणि तुझ्या बापाची दशा बघवत नव्हती."

कस्टमचे साहेब दोन नंबरपाशी गेले. "अट मोडली आहे," ते म्हणाले. "कर भरावा लागेल, दंड होईल, तुमची चौकशीही होईल. ते मला टाळता येणार नाही. पण माल केंद्राबाहेर गेलेला नाही, म्हणजे चोरी नाही, आणि किल्लीवाल्यावर काही आरोप नाही. राहता राहिलं मशीन. फिरत्या मशीनच्या पोटातलं मला दिसत नाही. शनिवारी एक नंबर सुरू झालं की हे माझ्यासमोर उघडा."

मुलगी ओठ चावत दोघा म्हाताऱ्यांच्या मधोमध उभी होती. स्टोअरकीपर हळूहळू पुढे आले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला खोटं बोलता येत नाही. विचारलं असतं तर पहिल्या प्रश्नाला ओकला असतास."

"म्हणून चोर ठरू दिलंस? दार लावून बसलो होतो मी! गळफास घ्यायचंही मनात येऊन गेलं रे."

वस्तादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "चुकलो. काय शिक्षा देशील ती दे."

"माझ्याबरोबर घरापर्यंत चाल," स्टोअरकीपर म्हणाले. "भरल्या बाजारातून."

ते निघाले. मागून मुलगी, तिच्यामागे वहिनी आणि भाऊजी. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी वस्ताद थांबले. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती.

"ऐका रे सगळे!" ते ओरडले. "ह्याने काही चोरलं नाही. पेटी मी उघडली. हा निर्दोष आहे, दोषी मी आहे!"

दुकानदाराच्या हातातलं माप तसंच राहिलं. वस्ताद पुढच्या दुकानापाशी गेले, तिथेही तेच ओरडले. तिसऱ्या दुकानापाशी आवाज फुटेना, तरी ते पायरी चढू लागले.

स्टोअरकीपरांनी त्यांचा दंड धरला.

"पुरे झालं," ते म्हणाले. "घरी चल. पोरगी सकाळपासून जेवलेली नाही."