तिरकं हसू

सलूनवाल्याची आणि पेंटरीणबाईंची ओळख झाली ती एका हिरव्या थेंबामुळे. ती शिडीवर चढून त्याच्या दुकानाची पाटी रंगवत होती. तो उजेडासाठी खुर्ची दारात ओढून एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत होता. थेंब नेमका साबणात पडला! ते गिऱ्हाईक हिरव्या दाढीनं घरी गेलं, तेव्हा बायकोनं दारच उघडलं नाही. खोटं वाटत असेल, तर त्या बायकोला विचारा.

"अहो पेंटर, पाटी वर आहे!"

"लक्षही तुमचं वरच आहे... वस्तरा सांभाळा."

दोन दिवसांची पाटी, चार दिवस झाले तरी अर्धीच. घाई होती कुणाला?

पाचव्या दिवशी ती शिडीवरून त्याच्याकडे बघून हसली. तिरकं, अर्धंच... गडी विरघळला! आरशाकडे वळून त्यानं भांग सारखा केला – आणि आरशात ती पुन्हा दिसली, तसा कंगवा हातातच राहिला. रोज तीस चेहरे त्याच्या हाताखालून जायचे. मिशी सुताएवढी खाली असली तरी त्याला खुपायची. तिच्या ओठाचा उजवा कोपरा हसतच नव्हता. तिच्या हातातून ब्रश सुटला. त्यानं धावत जाऊन तिला धरूनच खाली उतरवलं.

"दोन्ही हात वर करा पाहू."

डावा वर राहिला. उजवा घसरला.

"का... काही नाही... झोपते जरा..." जीभ जड झाली होती.

"झोपायचं नाही! लकवा दिसतोय हा."

"सत्तावीस वर्षांच्या पोरीला कसला आलाय लकवा?" खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं. "पाणी पाजा."

"तोंडात काही घालायचं नाही!" गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून त्यानं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि तिच्याच ब्रशनं तळहातावर वेळ लिहिली – अकरा दहा.

दवाखान्यात तो हिरवा तळहात बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळ पक्की कळली, लवकर आलात, म्हणून गुठळी विरघळवायचं औषध देता आलं. स्ट्रोक वय विचारून येत नाही."

तीन महिन्यांत बोलणं परतलं, चालणं परतलं. उजवी बोटं मात्र रुसलेलीच राहिली. तिची मावशी सलूनमध्ये येऊन हळहळली, "पाटी दुसऱ्याकडून पुरी करून घ्या हो. पोरीचा हात गेला."

मागोमाग पोरगी शिडी घेऊन हजर!

"माझ्या पाटीला कुणी बोट लावलं तर ते छाटीन!"

"डाव्या हातानं?"

"डाव्याच हातानं! शिडी धरा."

त्यानं धरली. पाटीचा पहिला अर्धा भाग शिस्तीत उभा, दुसरा झिंगलेल्या वरातीसारखा. खाली तिनं स्वतःच्या मनानं आणखी रंगवलं – 'चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलं? वेळ बघा, दवाखाना गाठा. वय विचारत बसू नका.'

"अगं, गिऱ्हाइकं पळतील!" मावशी म्हणाली.

"पळू देत," सलूनवाला म्हणाला. "वेळेवर दवाखान्याकडे पळाली, म्हणजे झालं."

मावशी गेली. तो शिडी धरून तसाच उभा.

"एक सांगायचंय... त्या दिवशी दोन मिनिटं मी वाया घालवली. वाटलं, माझ्यावर भाळून हसलात... भांग पाडत बसलो."

तिनं ब्रश डब्यात टेकवला. मग हसली. उजवा कोपरा जरा मागं रेंगाळला, पण आला.

"हे मात्र भाळूनच आहे," ती म्हणाली. "जा, भांग पाडून ये. थांबते मी."