बत्तीसचे बहात्तर

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकाशी तो गुडघ्यावर बसला होता. पांढऱ्या केसांच्या, सुरकुतलेल्या एका बाईच्या पायातला मऊ बूट काढत होता. किती जपून... भूल देणारी डॉक्टर क्षणभर बघतच राहिली.

"आजींना आम्ही आत नेतो हं. नातवानं इथंच थांबायचं!" ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. "धाकटी बहीण आहे माझी. बत्तीस वर्षांची."

तिचे कान तापले. हातातला कागद तिनं छातीशी घट्ट धरला. सकाळी या बाईंना झोपलेलं पाहून, वय चुकलंय असं समजून, तिनंच तीनाचा सात केला होता! अकाली म्हातारपणाचा तो दुर्मिळ आजार पुढच्या पानावर होता. ते तिनं उलटलंच नव्हतं.

आता तिनं ते वाचलं, जबडा-मान तपासली. "घशात नळी घालणं धोक्याचं आहे. फक्त पाय बधिर करून जखम साफ करू. तुम्ही जाग्या राहाल."

"मग गप्पा मारा. दादाच्या गप्पा टाचेपासून सुरू होतात नि चवड्यावर संपतात. बूट शिवतो ना!"

"गप गं," तो म्हणाला. पण नजर डॉक्टरच्या पायांवर. "डाव्या बुटाची टाच झिजलीय तुमची."

तिनं पाऊल मागे घेतलं.

आत नर्सनं कागद मोठ्यानं वाचला. "वय बहात्तर."

गप्प राहता आलं असतं...

"बत्तीस," ती म्हणाली. "मी बदललं. न विचारता."

बहीण छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं एका फटक्यात! पेन्शन तरी मिळवून द्या." डोळे मात्र भरले होते. "दादाला तुम्हीच सांगा."

डॉक्टरनं सोनोग्राफीच्या पडद्यावर पायाची नस शोधली, सुई अलगद टोचली. पाय बधिर झाला. जखम साफ होईस्तोवर बहिणीची टकळी चालूच होती.

बाहेर येऊन डॉक्टरनं त्याला सगळं सांगितलं. मान खाली घालूनच.

त्यानं हातातला मऊ बूट बाकावर ठेवला. "तिला सवय झालीय. मला नाही होत... कागद सुधारलात?"

"हो. खाली सही केलीय."

त्यानं बाकावरच्या पिशवीतून मोठी वही काढली. "पाय ठेवा यावर."

"मला नको... माझी लायकी—"

"टाच झिजलेलीच आहे ना? ठेवा."

पेन्सिल तिच्या पावलाभोवती हळूच फिरली.

"वय?"

"बुटाला वय लागतं?"

"नाही. पण विचारून लिहिलेलं बरं."

"एकोणतीस," ती पुटपुटली.

त्यानं लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली. "बघून घ्या... बरोबर आहे ना?"