खुणेपलीकडचा चॅनल

माझा दादा परदेशात. त्याला यायला जमायचं नाही, सल्ले मात्र वेळेवर पोचायचे. एकदा फोनवर म्हणाला, "मोठी डिश बसवून घे. आमच्या इकडचे चॅनल दिसतील, बाबांना तेवढंच बरं वाटेल." दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्या घरात मुलगाही दुरूनच साजरा होता. बाबांचं दुखणं मी काढत होते आणि बाबा वाट त्याची बघत होते.

डिशवाला डिश बसवून गेला. जाताना त्याने खांबावर खडूने खूण केली. "ताई, वाऱ्याने हलली तर या खुणेवर आणा. पुढे फिरवू नका. पुढे काही नाही."

आठवड्याभरात हललीच. संध्याकाळी मी गच्चीवर चढले. आजारात बाबांचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. म्हणून ठरलं, चित्र आलं की त्यांनी चमच्याने पेला वाजवायचा. मी डिश खुणेवर आणली. खाली शांतता. अंधार पडत चालला होता, हाताला गंजाचा वास येत होता. वैतागून मी ती केसभर पुढे ढकलली.

पेला वाजला. मग वाजतच राहिला, घाईघाईने...

खाली येऊन बघते तर पडद्यावर मुंग्या, आणि त्यांच्या आड आमचीच खोली. तीच खुर्ची, तेच औषधांचं स्टूल. खुर्चीत बाबा, शेजारी त्यांना घास भरवणारा दादा. मी कुठेच नव्हते.

"बघ..." बाबा पुटपुटले, "किती करतो माझं..."

भीती वाटत होतीच, पण संताप त्याहून जास्त आला. "बाबा, रोज तुम्हाला कोण भरवतं?"

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तो..."

मी तशीच वर गेले आणि डिशची वायर उपटून टाकली. तरी खाली पेला वाजतच होता. मग एकदम थांबला.

मी उतरले तेव्हा पडदा काळा होता आणि बाबा खुर्चीत मान टाकून बसले होते. डॉक्टर आले, नाडी बघून नुसती मान हलवली. शेजारच्या काकूंनी मला पाणी पाजलं. मग मी दादाला फोन लावला.

"दादा, बाबा गेले रे..."

"कोण बोलतंय?"

"अरे, मी..."

"तुमचा नंबर चुकलाय. बाबा हे काय, माझ्या शेजारी जेवतायत."

मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे रे?" आवाज बाबांचा होता. खणखणीत, आजाराआधीचा.

"कुणी बाई आहे, बाबा. रडतेय. तुमची मुलगी म्हणवते स्वतःला."

"मला कुठे मुलगी आहे?" बाबा म्हणाले. "ठेव तो फोन. घास दे."