रुळावरचा तळहात

चंद्रावरच्या लेपनदालनात उर्मिला चोपडे चौदा महिने एकटी होती. एकटी म्हणजे अगदी एकटी, बोलायला भिंतसुद्धा कंटाळली असेल. सौरशिडांसाठी केसाहून पातळ पटल रिळावरून सुटायचं, लेप घेऊन रुळांवरून सरकत भिंतीतल्या फटीतून पलीकडच्या दालनात जायचं. तिथे दुसरा लेप, मग गुंडाळणी. पलीकडे नुसती यंत्रं आहेत, असं तिला येतानाच सांगितलेलं. हे शेवटचं रीळ पास झालं की तिला न्यायला यान येणार होतं.

"उर्मिलाताई, या रिळावर रोज सकाळी डाग पडतायत," पृथ्वीवरून लेपतज्ज्ञ डॉ. बाबर म्हणाले. "बरोबर एकशे सव्वीस सेंटीमीटरवर एक, असे आठ-दहा. मग गायब."

"एक फेरा एकशे सव्वीसचा, म्हणजे चाळीस सेंटीमीटर व्यासाचा रूळ. माझा तिसरा."

"त्याच्या रबराला कुठेतरी ऊब लागतेय. दोन अंश वाढले तरी लेपाची वरची साय आधी धरते, खालचा द्रव कोंडतो आणि फोडून बाहेर येतो. तिथे गरम असं काय आहे हो?"

"माझा हात," ती म्हणाली.

इचलकरंजीत तिचे वडील माग सुरू करण्याआधी त्याला हात लावून कपाळाला लावायचे. तीही रोज तेच करायची. खरं सांगायचं तर अलीकडे हात जरा जास्तच वेळ ठेवायची. दुसरं होतं कोण हात लावायला?

"बंद करा, ताई," बाबर म्हणाले. " डागांची मर्यादा संपत आलीय. रीळ रद्द झालं, तर नवं होईपर्यंत यान वर्षभर येणार नाही."

तिने बंद केलं. तिसऱ्या दिवशी काम सुरू करताना ती चक्क रडली.

चौथ्या दिवशी बाबर चिडलेच. "काय हे! पुन्हा डाग?"

"आईशपथ, मी हात लावला नाही."

"मग काय भूत लावतंय?"

"अंतर किती?"

"चौऱ्याण्णव."

"म्हणजे तीस सेंटीमीटरचा रूळ. तसला माझ्याकडे एकही नाही."

"तसले फक्त पलीकडच्या दालनात," बाबर सावकाश म्हणाले. "पण तिथे तर माणूसच..."

"आधी कधी पडले होते?"

"कधीच नाही. तुमचे थांबले, त्यानंतर आजच."

उर्मिलाच्या लक्षात आलं. तिच्या हाताचे डाग फटीतून जाऊन रोज कोणाला तरी दिसत होते. ते थांबले, म्हणून त्या माणसाने आज आपल्या रुळावर हात ठेवून विचारलं होतं, आहेस ना?

"मी चौकशी करतो," बाबर म्हणाले. "तोवर हात लावू नका. आज मर्यादेला टेकलोय. आता एक डाग जरी पडला, तरी रीळ गेलं आणि यानही. कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली.

तिने हातमोजा काढला, तिसऱ्या रुळावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.